पेढीवरचा संगणक आणि नवतपा

मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि विदर्भात नवतपा सुरू होतो. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागातील अर्जुनी मोरगाव हा परिसर तसा झाडीचा, तळ्यांचा आणि धानाचा. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आणि इटियाडोहचे धरण याच तालुक्यात आहे. तरीही नवतपाच्या दुपारी येथील बाजारपेठ ओस पडते. दुकानांची शटरे अर्ध्यावर येतात, माणसे पडवीत किंवा कूलरसमोर विसावतात आणि व्यवहार उन्हे कलल्यावरच पुन्हा सुरू होतात. पेढीवर अशा वेळी एकच कामकरी बिनविश्रांती राबत असतो, तो म्हणजे टेबलाखालच्या कप्प्यात ठेवलेला संगणक.

त्याच्या प्रकृतीची चौकशी सहसा कोणी करत नाही. मात्र आता पेढीची वही त्याच्याच पोटात आहे. पूर्वी रोजमेळ, खतावणी आणि उधारीची वही लाल कापडात बांधून ठेवली जाई. तिला वाळवी लागू नये, पावसाची ओल पोहोचू नये याची काळजी घरातील वडीलधारी माणसे घेत. दिवाळीच्या शारदापूजनात आज अनेक पेढ्यांवर वहीशेजारच्या संगणकालाही कुंकवाचे बोट लागते. वहीचा मान त्याला मिळाला, मात्र वहीची निगा मिळाली नाही. वहीचे शत्रू वाळवी आणि ओल होते. संगणकाचे मुख्य शत्रू उष्णता आणि धूळ आहेत, आणि हे दोघे एकमेकांच्या साहाय्यानेच काम करतात.

उष्णता निर्माण कशी होते

संगणकातील सगळी आकडेमोड प्रोसेसर नावाच्या चिपमध्ये होते. या चिपला मिळणारी वीज शेवटी जवळपास सगळीच उष्णतेत रूपांतरित होते. घरगुती आणि कार्यालयीन संगणकांतील अनेक प्रोसेसरांच्या खोक्यावर ६५ वॅट असा आकडा छापलेला असतो. जुन्या काळचा ६० वॅटचा पिवळा बल्ब पेटता असताना त्याला बोट लावणे शक्य नसे. तितकीच किंवा त्याहून थोडी अधिक उष्णता येथे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडते. अधिक शक्तिशाली प्रोसेसर पूर्ण जोरात काम करताना २०० वॅटच्याही पुढे जातात.

ही उष्णता टप्प्याटप्प्याने बाहेर जाते. चिपवर धातूचे झाकण असते. त्यावर थर्मल पेस्टचा पातळ थर आणि त्यावर ॲल्युमिनियम किंवा तांब्याच्या पात्यांची जाळी, म्हणजे हीटसिंक, बसवलेली असते. हीटसिंकवरील पंखा पात्यांतील उष्णता हवेत सोडतो आणि कॅबिनेटचे पंखे ती गरम हवा पेटीबाहेर काढतात. या साखळीतील एकही कडी निकामी झाली की उष्णता मागे साचू लागते. पंखा फिरताना दिसतो म्हणून संगणक थंड आहे असे मानणे चुकीचे ठरते. पात्यांमधल्या फटी धुळीने बुजलेल्या असतील, तर पंखा केवळ आवाज करतो.

आधी खोलीचे तापमान, मग प्रोसेसरचे

हा विषय समजून घेण्याची किल्ली एका साध्या नियमात आहे. पंखा आणि हीटसिंक प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा अधिक थंड करू शकत नाहीत. ते केवळ प्रोसेसर आणि हवा यांच्या तापमानातील अंतर कमी करतात. पाण्याच्या नळ्यांचे महागडे लिक्विड कूलरही या नियमाला अपवाद नाहीत, कारण त्यांतील पाणीसुद्धा शेवटी खोलीच्या हवेनेच थंड होते. त्यामुळे तेच यंत्र, तेच काम आणि तोच पंखा असला, तर खोलीचे तापमान जितके अंश वाढते, साधारण तितकेच अंश प्रोसेसरचेही वाढतात.

एक उदाहरण घेऊ. जानेवारीत खोलीचे तापमान २५ अंश सेल्सिअस आहे आणि काम करताना प्रोसेसर ६२ अंशांवर आहे. अंतर झाले ३७ अंशांचे. मे महिन्यात त्याच खोलीत ४१ अंश झाले की तोच प्रोसेसर ७८ अंशांच्या आसपास जाईल. हे तापमान चिंतेचे नाही. आता समजा हीटसिंकमध्ये वर्षभराची धूळ बसली आणि ३७ अंशांचे अंतर ५० झाले. जानेवारीत २५ अधिक ५० म्हणजे ७५ अंश होतील आणि कोणाला काही जाणवणारही नाही. मे महिन्यात मात्र ४१ अधिक ५० म्हणजे ९१ अंश होतील आणि यंत्र अडखळू लागेल.

म्हणजेच बिघाड नवतपात दिसतो, पण तो तयार होतो हिवाळ्यात. थंडीतल्या दुर्लक्षाची उधारी मे महिन्यात व्याजासह वसूल होते. अर्जुनी मोरगावसारख्या गावात प्रतिबंधाचे महत्त्व म्हणूनच अधिक आहे. ऐन उन्हाळ्यात सुटा भाग लागला, तर गोंदिया किंवा नागपूरची वाट धरावी लागते आणि तोवर पेढीचे काम खोळंबते.

किती अंश सुरक्षित?

प्रत्येक प्रोसेसरची कमाल मर्यादा त्याच्या उत्पादकाने ठरवून दिलेली असते. इंटेलच्या अलीकडच्या पिढ्यांतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी ती १०० अंशांच्या आसपास आहे. एएमडीच्या रायझन मालिकेत ती प्रकारानुसार ९० ते ९५ अंशांच्या घरात येते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या काही प्रोसेसरांची मर्यादा याहून बरीच कमी आहे. त्यामुळे आपल्या प्रोसेसरचे नाव आणि क्रमांक पाहून उत्पादकाने दिलेला आकडा एकदा नोंदवून ठेवणे उत्तम.

मर्यादा म्हणजे रोज गाठण्याचे ठिकाण नव्हे. नित्याच्या वापरासाठी पुढील अंदाज पुरेसे आहेत. संगणक सुरू आहे पण काम नाही, अशा वेळी प्रोसेसर खोलीपेक्षा १० ते २० अंशांनी अधिक असणे स्वाभाविक आहे. हिशेब, बिले आणि ई-मेल अशा कामांत तो ७० अंशांच्या आत राहिला, तर काळजीचे कारण नाही. उन्हाळ्यात किंवा जड कामात ८० अंशांपर्यंत गेला तरी चालते. ८५ ते ९० अंश वारंवार दिसू लागले, तर पेटी उघडून पाहण्याची वेळ आली असे समजावे. ९० च्या वर तो सतत राहत असेल, तर दुरुस्ती पुढे ढकलू नये. काही नवे आणि शक्तिशाली प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेताने घडवलेले असतात. पण बिले छापणाऱ्या साध्या संगणकाला हा अपवाद लागू होत नाही.

मर्यादा गाठल्यावर आजचा प्रोसेसर एकदम जळत नाही. तो आपला वेग कमी करून उष्णता घटवण्याचा प्रयत्न करतो. तेवढ्याने भागले नाही, तर स्वतःच्या रक्षणासाठी संगणक बंद पाडतो. ही सोय चांगली आहे, पण ती प्रोसेसरला वाचवते, त्या क्षणी लिहिल्या जाणाऱ्या हिशेबाला नाही. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरताना, किंवा वर्षअखेरच्या नोंदी सुरू असताना यंत्र अचानक बंद पडले, तर अर्धवट लिहिलेली फाइल खराब होऊ शकते. व्यापाऱ्याचे खरे नुकसान प्रोसेसरच्या किमतीत नसते. ते या फाइलमध्ये असते.

लक्षणे आणि तपासणी

उष्णतेचा विकार ओळखण्याची एक सोपी खूण आहे. सकाळी चपळ असणारा संगणक दुपारी मंद होतो आणि रात्री पुन्हा सुधारतो. पंख्याचा आवाज एकसारखा वाढलेला राहतो. यंत्र एकाएकी बंद पडते आणि दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर पुन्हा नीट सुरू होते. सकाळ-दुपार-रात्र सारखाच मंदपणा असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा, अपुऱ्या मेमरीचा किंवा व्हायरसचा असतो. त्यावर पंखा बदलण्याचा उपयोग होत नाही.

नुसत्या अंदाजावर मात्र विसंबू नये. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबली की बहुतेक यंत्रांत बायोसचे पान उघडते आणि तेथे प्रोसेसरचे तापमान व पंख्याचे फेरे दिसतात. बायोसमध्ये प्रोसेसर पूर्ण विश्रांती घेत नसल्याने हा आकडा थोडा अधिक येतो. प्रत्यक्ष काम सुरू असताना पाहायचे, तर कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारखी घरगुती वापरासाठी मोफत मिळणारी सॉफ्टवेअर उपयोगी पडतात. दुपारी तीन वाजता, नेहमीचे काम अर्धा तास चालू ठेवल्यावर आकडा पाहावा आणि त्याच्या शेजारी खोलीचे तापमानही लिहून ठेवावे. दोहोंतील अंतर हाच संगणकाच्या प्रकृतीचा खरा आकडा आहे. दर दोन-तीन महिन्यांनी ही नोंद केली आणि अंतर वाढत चाललेले दिसले, तर धूळ साचते आहे हे पेटी न उघडताही कळते.

तूस, कोंडा आणि बारीक धूळ

शहरातल्या कार्यालयापेक्षा धानाच्या मुलुखातील पेढीची परिस्थिती वेगळी आहे. खरिपाच्या धानाची कापणी दिवाळीच्या आगेमागे होते. त्यानंतर मळणी आणि भरडाई सुरू झाली की राईस मिलच्या परिसरात तुसाची आणि कोंड्याची बारीक धूळ हवेत तरंगत राहते. किराणा दुकानात पीठ आणि मसाल्याची, कापड दुकानात सुताच्या तंतूंची धूळ असते. संगणकाचा पंखा दिवसभर ही हवा ओढतो. कोंड्यात तेलाचा अंश असल्याने त्याची धूळ पात्यांना चिकटून बसते. सुताचे तंतू हीटसिंकवर गादीसारखे पसरतात आणि वारा अडवतात.

यासाठी पहिला उपाय जागेचा आहे. पेटी जमिनीवर ठेवू नये. ती फूटभर उंचीच्या स्टँडवर असावी. काउंटरच्या बंद लाकडी कप्प्यात संगणक सुरक्षित वाटतो, पण तेथे तो स्वतः सोडलेली गरम हवाच पुन्हा आत घेतो. कप्पा टाळणे शक्य नसेल, तर त्याची मागची फळी काढून टाकावी. पेटीच्या मागे आणि हवा आत घेणाऱ्या बाजूस निदान वीतभर मोकळी जागा असावी. हवा समोरून आत यावी आणि मागून बाहेर जावी, ही पंख्यांची रूढ रचना आहे. दुरुस्तीनंतर एखादा पंखा उलटा बसला, तर दोन्ही पंखे एकमेकांविरुद्ध काम करतात. पंख्यांपाशी कागदाची पातळ पट्टी धरून वाऱ्याची दिशा पाहिली की हे लगेच लक्षात येते.

हवा आत येण्याच्या जागी बारीक जाळी लावणे हितावह आहे. ती धूळ अडवते, तसेच मुंग्या, झुरळे आणि पालीची पिले यांनाही पेटीत शिरू देत नाही. उबेच्या ओढीने आत गेलेला जीव पंख्यात किंवा विजेच्या जोडणीत सापडून प्राणाला मुकतो आणि यंत्रही बिघडते. पावसाळ्यात कीटकांचा वावर वाढतो, तेव्हा ही जाळी म्हणजे जीवरक्षा आणि यंत्ररक्षा दोन्ही होय. मात्र जाळी दर पंधरवड्याला झटकली पाहिजे. बुजलेली जाळी ही जाळी नसण्याहून वाईट.

कूलरचे वारे

विदर्भात कूलर म्हटले की खसाच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचा, पाण्याच्या टाकीचा कूलर डोळ्यांसमोर येतो. मे महिन्यातील कोरड्या हवेत तो खोलीचे तापमान दहा अंशांनी, कधी त्याहूनही अधिक उतरवतो. वरच्या हिशेबाप्रमाणे प्रोसेसरलाही तितकाच दिलासा मिळतो. त्यामुळे पेढीवर कूलर असणे संगणकाच्या हिताचेच आहे.

अडचण येते ती कूलरचा झोत थेट संगणकावर सोडल्याने. त्या वाऱ्यात ओल असते आणि कधी पाण्याचे सूक्ष्म तुषारही असतात. विहिरीच्या किंवा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे हे तुषार वाळले की पांढरा क्षार मागे राहतो. ओलीमुळे धूळ लगद्यासारखी पात्यांना चिकटते, जोडण्या गंजतात. म्हणून कूलरचे वारे खोलीत खेळावे, संगणकावर आदळू नये. कूलर चालू असताना समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे, म्हणजे दमटपणा साचत नाही. मृगाचा पाऊस झाल्यावर हवा दमट होते आणि पाण्याचा कूलर थंडावा देईनासा होतो. तेव्हा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

वीज गेल्यावरच्या परिस्थितीकडेही लक्ष हवे. अनेक ठिकाणी संगणक इन्व्हर्टरवर असतो, कूलर मात्र नसतो. वीज जाताच खोली तापू लागते आणि संगणक पूर्वीच्याच जोमाने काम करत राहतो. अशा वेळी चालू नोंद पूर्ण करून यंत्र बंद करणे शहाणपणाचे.

स्वच्छता: केव्हा आणि कशी

वर्षातून दोन वेळा पेटी उघडून साफ करावी. एक वेळ दिवाळीच्या साफसफाईची. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, होळी ते गुढीपाडव्याच्या दरम्यानची. तोवर भरडाईच्या हंगामातील धूळ बसलेली असते आणि उन्हाळ्याची धग यायची असते.

संगणक बंद करून वीजजोडणीची वायर काढावी आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. पेटी उघडल्यावर आधी बॅटरीच्या प्रकाशात आत नीट पाहावे. कोळी, मुंग्या किंवा इतर जीव दिसल्यास मऊ ब्रशने जयणेने बाहेर सोडावेत आणि मगच हवेचा झोत मारावा. झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला, तर त्याची धारवा आणि जोडणी बिघडू शकते. ओले फडके आत लावू नये. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचे तोंडही भागांजवळ नेऊ नये, कारण त्यातून स्थिर वीज उत्पन्न होण्याचा धोका असतो. हे काम अंगणात किंवा गच्चीवर करावे आणि तोंडाला रुमाल बांधावा.

साफसफाईनंतरही अंतर कमी झाले नाही, तर दोष बहुधा थर्मल पेस्टमध्ये किंवा हीटसिंकच्या पकडीत असतो. पेस्ट काही वर्षांत सुकते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढा नवा ठिपका मध्यभागी ठेवला की पुरे. जाड थर उष्णतेची वाट मोकळी करण्याऐवजी अडवतो. टूथपेस्ट किंवा यंत्राचे ग्रीस वापरण्याचे प्रयोग टाळावेत. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांसोबत येणारा हीटसिंक चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. त्यातील एक खुंटी जरी सुटलेली असली, तरी तापमान झपाट्याने चढते. ज्यांना हे काम करण्याचा आत्मविश्वास नाही, त्यांनी ते माहीतगाराकडून करून घ्यावे, मात्र आधीचा आणि नंतरचा आकडा अवश्य पाहावा.

पैसे न खर्चता होणारा एक उपायही आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली, तर अनेक संगणकांत जादा वेगाची सोय बंद होते आणि तापमान काही अंशांनी उतरते. हिशेबाच्या कामात हा फरक जाणवतही नाही. लग्नाच्या चित्रफितींचे संपादन किंवा संपूर्ण व्हायरस-तपासणी अशी जड कामे मात्र सकाळच्या गारव्यात उरकावीत.

प्रोसेसरच्या शेजारचे भाग

प्रोसेसरला निदान स्वतःचे रक्षण करता येते. इतर भागांना तेवढी सोय नसते. हार्ड डिस्कसाठी उत्पादक सहसा ६० अंशांची मर्यादा देतात. ती ४५ ते ५० च्या आत राहिलेली बरी. मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याच्या पेटीतील कपॅसिटरविषयी अभियंत्यांचा ढोबळ नियम असा की दर १० अंशांच्या वाढीला त्यांचे आयुष्य निम्मे होते. यूपीएसच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचीही साधारण हीच कथा आहे. पेटी थंड ठेवण्याचा लाभ असा सर्वच भागांना मिळतो.

यंत्राला थंड ठेवण्याची ही धडपड नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि अशी प्रत्येक नळी तापल्याशिवाय काम करत नसे. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये उभ्या राहिलेल्या, सी-डॅकच्या परम ब्रह्म या महासंगणकात प्रोसेसरची उष्णता थेट द्रवाच्या साहाय्याने वाहून नेण्याची योजना आहे. संगणकांच्या मोठ्या केंद्रांतील हवेसाठी ॲश्रे ही अमेरिकेतील अभियंत्यांची संस्था १८ ते २७ अंशांची शिफारस करते. अर्जुनी मोरगावच्या पेढीला नवतपात २७ अंश परवडणारे नाहीत. पण हवा मोकळी ठेवणे, धूळ काढणे आणि आकडा पाहणे या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

एवढी निगा राखूनही यंत्र हे शेवटी यंत्रच आहे. म्हणून हिशेबाची एक प्रत रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती पेढीऐवजी घरी ठेवावी. महिन्यातून एकदा ती उघडून तपासावी. पूर्वी पेढी वाढवताना महत्त्वाच्या वह्या घरी नेण्याची रीत होती, तीच ही. गुढीपाडव्यापूर्वी पेटीची सफाई, एप्रिलमध्ये तापमानाची पहिली नोंद आणि रोजची एक प्रत, इतके ठरवून घेतले की नवतपाच्या दुपारी शटर अर्ध्यावर ओढून निश्चिंतपणे विसावता येईल.